भरल्या टाकीचा रुसवा

लग्न होऊन मी सावर्ड्याहून रत्नागिरीला आले ती आमच्या खटाऱ्यातून. ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. तेव्हा नवरीनं मोटारीतून सासरी येणं म्हणजे मोठीच मिजास. पण आमच्या मोटारीत मिजास करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

कोल्हापुरातल्या कुणा साहेबाची ती जुनी गाडी. ह्यांनी ती विकत घेतली, मागची गादीची बाकं उपटून टाकली आणि वाडीतल्या सुताराकडून तिथं ऐनाच्या लाकडी फळ्यांचा हौदा ठोकून घेतला. पुढून बघावं तर साहेब, मागून बघावं तर बैलगाडी. गावातले लोक तिला खटारा म्हणत. माझे सासरे शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते शुद्ध बोलत, म्हणून तिला 'वाहन' म्हणत. आणि हे नुसतं 'ती' म्हणत. "ती आज खूश आहे." "ती जरा तापली आहे." पहिल्या आठवड्यात 'ती' म्हणजे मी की खटारा, हे वाक्य संपेपर्यंत मला कळत नसे.

तिची एक खोड होती. पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली, आणि तिथून पेट्रोल आपल्या वजनानं उतरत उतरत इंजिनात जायचं. टाकी अर्ध्याखाली आली आणि समोर मोठा चढ लागला, की इंजिन वर आणि टाकी खाली अशी स्थिती व्हायची. पेट्रोल काही चढ चढत नाही. मग हे गाडी वळवायचे आणि चढ उलटा, म्हणजे पाठीमागून चढायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संगमेश्वर सोडल्यावर एका चढाला त्यांनी तेच केलं. माझी सासरची वाट मी काही काळ माहेराकडे तोंड करून चालले. हौद्यात माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून आलेली मावशी घाबरून म्हणाली, "अगो बाई, परत नेतायत की काय तुला!"

घरात माणसं मोजकी. सासूबाई पुष्कळ वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. सासरे, म्हणजे मामंजी, त्यांची विधवा बहीण आत्याबाई, घर त्यांच्या हातात, आम्ही दोघं, आणि एक जुना गडी. ह्यांनी मुंबईत एका मोटारींच्या कारखान्यात वर्षभर काम केलं होतं. तिथं काय शिकलात असं विचारलं की "सगळं" म्हणत. परत आल्यावर वडिलांसारखी शाळा धरायची सोडून त्यांनी हा उद्योग काढला. बंदरावर गलबतातून मंगलोरी कौलं उतरत, ती पालीला आणि पलीकडच्या गावांना पोचवायची. चैत्र-वैशाखात पावसाच्या आधी घरं शाकारायची घाई, त्यामुळे कौलांना मागणी फार. बैलगाडीला पालीला जायला दिवस मोडायचा, खटारा सकाळी जाऊन दुपारी परत.

हे पहाटेच निघायचे, तेव्हा बाजारातलं पेट्रोलचं दुकान उघडलेलं नसायचं. म्हणून आदल्या दिवशी दुपारी गडी कावडीला दोन चौकोनी डबे बांधून बाजारात जाई. दुकानात मोठं पिंप होतं, त्याला हातानं फिरवायचा पंप. दुकानदार डबे भरून देई आणि गडी ते घरी आणून टाकीत ओते. मी सासरी आल्यावर माझ्याकडे जी कामं आली त्यांत हे डबे होते. गडी निघायच्या आत ते काढून द्यायचे, आल्यावर पडवीत लावून ठेवायचे. बाकी पाणी भरणं, भात कांडणं, मामंजींचा अडुळशाचा काढा उकळून बाटलीत भरून ठेवणं, असं बरंच होतं.

दोन आठवडे बरे गेले. मग एक दिवस हे भर दुपारी यायचे ते दिवेलागणीला आले. तोंड काळं, हात काळे, आणि कौलांतली वीसेक फुटलेली.

"ती खोकायला लागली," हे म्हणाले. "बाजारातून छान गेली. पहिल्या चढाला लागली आणि एकदम ठसका. दोन पावलं पुढे, मग आचका, मग बंद. मागे कौलं एकमेकांवर आपटून खळाखळा फुटताहेत."

"टाकीत पेट्रोल कमी असेल," मामंजी म्हणाले. "उलटी का नाही नेलीस?"

"कमी कुठलं? कालच काठोकाठ भरली होती. उलटीही नेली. उलटीसुद्धा खोकली."

दुसऱ्या दिवशी मात्र ती मुकाट्यानं गेली आणि मुकाट्यानं आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसका. मग एक दिवस बरी. मग पुन्हा. ह्यांनी ठिणगी पाडणारे प्लग काढून काथ्यानं घासले. पेट्रोल आणि हवा जिथं मिसळतात तो कार्बोरेटर उघडून पुसला. पुसला की थोडा वेळ चालायची, मैलभर गेली की पुन्हा आचके. पालीचा एक शेतकरी घराचं जुनं छप्पर उतरवून आमच्या कौलांची वाट बघत बसला होता. त्याचे निरोपावर निरोप येऊ लागले.

आत्याबाईंनी खटाऱ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एक नारळ वाढवला. तरी गुण येईना, तेव्हा एकदा मी मागच्या दारी भांडी घाशीत असताना त्या शेजारणीशी बोलत होत्या ते माझ्या कानावर पडलं.

"आधी वर्षभर कशी गरगर फिरत होती गो. शिमगा झाला, लग्न झालं, आणि बिघडली. बोलू नये, पण पायगुण म्हणून काही असतो."

माझा हात थांबला. आत्याबाई वाईट नव्हत्या. मला डाळीचं पुरण आवडतं हे कळल्यावर त्यांनी सण नसताना पुरण घातलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी रडले नाही, पण त्या दिवशी भांडी जरा जोरानंच घासली गेली.

ह्यांना मात्र पायगुण वगैरे काही सुचलं नाही. त्यांना दुकानदार सुचला.

"भरल्याशिवाय बिघडत नाही. म्हणजे भरतो त्यातच काहीतरी आहे. घासलेट मिसळतो तो!" एवढं बोलून हे तडक बाजारात गेले. काय झालं ते गड्यानं येऊन सांगितलं. दुकानापुढे चारपाच गिऱ्हाइकं उभी असताना ह्यांनी मोठ्यानं विचारलं होतं, "शेटजी, पेट्रोल विकता की घासलेट?"

दुकानदार मामंजींचा जुना विद्यार्थी, वयानं ह्यांच्याहून मोठा. त्यानं पंपाचा दांडा सोडला म्हणे. मग म्हणाला, "तुमच्या वडिलांनी मला पाढे शिकवले. त्यांच्या मुलाला मी घासलेट देईन? उद्यापासून दुसरीकडून घ्या."

ह्यांनी दुसरीकडून घेतलं. बंदराकडे आणखी एकजण पेट्रोल ठेवायचा, तिथून दोन डबे आणवले. तिसऱ्या दिवशी हे परत आले ते पुन्हा तसेच, काळ्या तोंडानं.

"सगळेच चोर आहेत," हे म्हणाले.

मामंजी पडवीत झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"दुकानं दोन, दुखणं एक," ते म्हणाले. "दोघे दुकानदार एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत, ते मिळून तुलाच फसवायला कशाला बसतील? सूनबाई, माझी पाटी आण."

शाळा सुटली तरी पाटी सुटली नव्हती. त्यांनी ह्यांना समोर बसवलं आणि गेल्या काही दिवसांचा एकेक प्रवास विचारून पाटीवर मांडला. टाकी कधी भरली, कुठं भरली, ठसका कधी आला, कधी थांबला. मी दारात उभी राहून ऐकत होते. पाटी भरली तेव्हा एवढं स्पष्ट झालं: टाकी भरल्यावरच्या पहिल्याच खेपेला ठसका, तोही घरापासून लगेच नाही, पहिला चढ किंवा पहिले मोठे खड्डे लागल्यावर, आणि सात-आठ वेळा कार्बोरेटर पुसून झाला की मग दुसरी भर पडेपर्यंत काही नाही.

"पूर्वी टाकी रिकामी झाली की रुसायची," मामंजी म्हणाले. "आता भरली की रुसते. मोठं विचित्र वाहन आहे."

मग त्यांनी घासलेटाची परीक्षा घेतली. एका कागदावर आमच्या डब्यातल्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले आणि शेजारी दिव्यातल्या घासलेटाचे दोन. पेट्रोलचा डाग बघता बघता उडून गेला, कागद कोरा झाला. घासलेटाचा तेलकट डाग तसाच राहिला.

"हे पेट्रोल शुद्ध आहे," मामंजी म्हणाले. "तू त्या माणसाला चारचौघांत खोटं पाडून आलास."

हे उठून गाडीखाली जाऊन निजले, म्हणजे निजून काहीतरी बघू लागले. त्यांना वाईट वाटलं की ते गाडीखाली जात, हे तोवर मला कळलं होतं.

पुढच्या खेपेला पालीच्या त्या शेतकऱ्याची उरलेली कौलं न्यायची होती. पालीत मामंजींचे एक स्नेही राहत, त्यांच्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला मला बोलावणं होतं. मामंजी म्हणाले, "मीही येतो. दुखणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय निदान होत नाही." पुढे हे आणि मामंजी, मागे हौद्यात पेंढ्यात रचलेली कौलं, आणि कौलांच्या शेजारी गोणपाटावर मी. टाकी आदल्या दुपारी भरलेली. भरून उरलेला अर्धा डबा वाटेत लागला तर म्हणून माझ्या पायाशी ठेवलेला.

बाजारातून झोकात गेलो. उन्हं नुकती वर आली होती, दोन्ही बाजूंना कातळ, काजूची झाडं. हातखंब्याच्या अलीकडचा चढ लागला आणि तिनं पहिला ठसका दिला. मी आजवर तो फक्त ऐकून होते. आता तो माझ्या पाठीच्या कण्यातून गेला. ठस्. मग एक आचका. कौलं खळाळली. पुन्हा ठस्, आचका, आणि बंद. ह्यांनी उडी मारून चाकामागे धोंडा लावला.

"झालं," हे म्हणाले आणि फडकं घेऊन इंजिनाचं झाकण उघडलं. मी खाली उतरून शेजारी जाऊन उभी राहिले. ह्यांनी कार्बोरेटरच्या तळाचा मळसूत्री खिळा सोडला, आतलं जे काय होतं ते भळकन खाली धुळीत पडलं, आणि हे फडक्यानं आतून पुसू लागले.

मी धुळीकडे बघत होते. सांडलं त्यातलं बरंचसं त्या कागदावरच्या डागासारखं झटकन उडून गेलं. पण मध्येच धुळीचे गोल मणी झाले होते, अळवाच्या पानावर होतात तसे, आणि ते काही उडेनात.

"अहो," मी म्हटलं, "हे एकदा एखाद्या बाटलीत धरता येईल का?"

"कशाला?"

"बघायला."

हे काही बोलणार तोच मामंजी म्हणाले, "बरोबर आहे. इतके दिवस तू दुखणं पुसून टाकतो आहेस. बघितलंस कुठं?" आणि त्यांनी पिशवीतून आपल्या काढ्याची बाटली काढली. तिच्यात दोन वेळचा काढा होता. तो फेकणं त्यांच्या मनाला येईना. त्यांनी डोळे मिटून दोन्ही वेळचा काढा एका दमात पिऊन टाकला, तोंड वाकडं केलं, बाटली माझ्या पदरानं आतून कोरडी करायला लावली आणि ह्यांच्या हातात दिली.

टाकीच्या तळाला एक छोटी तोटी होती. हे गाडीखाली शिरले आणि तोटीखाली बाटली धरून ती भरली. बाहेर येऊन त्यांनी ती उन्हात उंच धरली. आम्ही तिघंही बघत राहिलो. बाटलीत दोन थर होते. वर किंचित पिवळसर पेट्रोल, आणि खाली तीन बोटं स्वच्छ काहीतरी. मधली रेघ काचेवर आखल्यासारखी.

आमच्या सावर्ड्याच्या घरी देवापुढे काचेची हंडी टांगलेली असे. ती लावायचं काम लहानपणापासून माझं. आधी हंडीत पाणी भरायचं, मग त्यावर तेल सोडायचं, आणि तेल वर तरंगतं त्यात वात. तोच देखावा माझ्या डोळ्यांपुढे होता.

"खाली पाणी आहे," मी म्हटलं. "हंडीत असतं तसं."

"पाणी!" हे ओरडले. "पाणीच! जड म्हणून तळाला बसतं. सपाटीवर गप्प राहतं, आणि चढाला हेलकावलं की नळीत शिरतं. पाणी कुठं ठिणगीनं पेटतं?" एकदम सगळं उलगडल्याच्या आनंदात त्यांनी मामंजींचा हातच धरला. मग चेहरा पुन्हा लाल झाला. "घासलेट नाही, तर पाणी मिसळतो तो!"

"दुकानं दोन," मामंजी शांतपणे म्हणाले. "दोन्ही दुकानांत सारखं काय आहे? तुझं वाहन, तुझी टाकी, तुझे..." ते थांबले आणि हौद्यातल्या डब्याकडे बघू लागले.

मीही डब्याकडे बघितलं. तो लख्ख होता.

माझ्या वडिलांचं सावर्ड्याच्या बाजारात तेलाचं लहानसं दुकान. आईची शिकवण अशी, की दुसऱ्याच्या दारी भांडं पाठवायचं ते धुतल्याशिवाय पाठवायचं नाही. तेलाचा डबा तसाच भरला तर जुनं तेल खवट होऊन नव्यालाही नासवतं. सासरी आल्यावर पेट्रोलचे ते काळपट, वास मारणारे डबे बघितले आणि मला लाज वाटली. सूनबाई आल्या तरी डबे असेच? पहिले दोन आठवडे हात लावायला बिचकले, मग मी ते राखेनं घासायला लागले आणि आतून दोनदा पाण्यानं खळखळून विसळायला लागले. उपडेही करायची मी, पण त्या डब्याचं तोंड असं इवलंसं आणि कडेला, की कितीही उलटा केला तरी कोपऱ्यात पेलाभर पाणी राहायचंच. गडी एकदोनदा म्हणालाही होता, "वैनी, डबा अजून वला हाय." मी म्हटलं होतं, "असू दे, स्वच्छ तर आहे."

दर खेपेला दोन डबे. दर डब्याला पेलाभर पाणी.

गप्प बसणं सोपं होतं. त्या क्षणी ते मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. उद्यापासून डबे विसळले नाहीत की झालं; गाडी बरी होईल, आत्याबाईंचा नारळ लागू पडला असं सगळे म्हणतील. पण मग बाजारातला तो माणूस कायमचा खोटा राहिला असता. आणि खरं सांगायचं तर, मामंजी डब्याकडून आता माझ्याकडे बघत होते.

"डबे मी विसळते," मी म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

"डबे. गडी न्यायच्या आधी. आतून. पाण्यानं."

"पाण्यानं?"

"दोनदा," मी म्हटलं. आता सगळंच सांगायचं होतं.

हे चाकाखालच्या धोंड्याशेजारी खालीच बसले. मला वाटलं, आता भडकणार. मामंजींच्या तोंडून आधी कसलातरी बारीक आवाज आला. मग खांदे हलू लागले. मग ते इतके हसले, इतके हसले, की त्यांना खरोखरीचा ठसका लागला आणि मला त्यांची पाठ चोळावी लागली.

"काढा संपला," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि आत्ताच गरज होती." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "अरे, हस की! निदान झालं तुझ्या वाहनाचं. रोगही घरचा आणि वैद्यही घरचा."

हे माझ्याकडे बघत होते. रागावले होते, पण तो राग कुठं टाकावा ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी म्हणाले, "तरीच डबे इतके चकचकीत दिसायचे. मला वाटायचं, दुकानदार नवे देतो." आणि मग तेही हसले.

आता टाकीतलं पेट्रोल गाळायला हवं होतं. तोटीतून निवळ पेट्रोल येईपर्यंत ह्यांनी पाणी जाऊ दिलं, पण हेलकाव्यानं बरंच वरही मिसळलेलं. मुंबईच्या कारखान्यात ते सांबराच्या कातड्यातून गाळत, ह्यांना आठवलं. पेट्रोल खाली जातं, पाणी वर अडतं. इथं कातडं कुठलं आणायचं? "जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा, असला तरी चालतो," हे म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर मामंजींच्या डोक्यावर गेली. मामंजींची काळी टोपी नमद्याची होती, पुण्याहून आणवलेली, समारंभाची.

"नाही," मामंजी म्हणाले.

आम्ही दोघं टोपीकडे बघत नुसते उभे राहिलो. मामंजींनी मागे वळून चढाकडे बघितलं, कौलांकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि टोपी काढून दिली.

टोपीतून पेट्रोल थेंब थेंब गळायला तासभर लागला. आधी ह्यांनी ती पेट्रोलनं भिजवून घेतली, मग मी ती नरसाळ्यासारखी डब्याच्या तोंडावर धरून बसले, हे वरून थोडं थोडं ओतत होते. टोपीच्या तळात खरोखरच पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे गोळा व्हायचे, ते मी झटकून टाकायची. एक बैलगाडीवाला बाजूनं गेला. त्यानं बैल थांबवले, बोडक्या मास्तरांकडे बघितलं, माझ्या हातातल्या टोपीकडे बघितलं, काही न विचारता नमस्कार केला आणि पुढे गेला.

ती सुरू झाली ते पहिल्याच फेऱ्याला. चढ तिनं नाक वर करून, सरळ, एका दमात चढला. पालीला पोचलो तेव्हा मामंजींच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि माझ्या शालूला पेट्रोलचा वास. हळदीकुंकवाला बायका माझ्याजवळ बसून हळूच दूर सरकत होत्या. पण कौल त्या दिवशी एकही फुटलं नाही. शेतकऱ्यानं ती उतरवून घेताना प्रत्येक कौल बोटानं वाजवून बघितलं आणि आम्हांला गूळ-पाणी दिलं.

परत येताना बाजार लागला तशी मी हौद्यातूनच म्हटलं, "दुकानाशी थांबायचं ना?"

"उद्या जाईन मी," हे म्हणाले.

"पाणी माझं होतं. मीही येणार."

नव्या सुनेनं भरबाजारात उतरून परक्या माणसाशी बोलायचं, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. ह्यांनी वडिलांकडे बघितलं. मामंजी म्हणाले, "थांबव."

दुकानदार बाकावर बसला होता. ह्यांना बघताच त्यानं मान वळवली, पण मागोमाग मामंजी उतरलेले बघून उठून उभा राहिला. "मास्तर, या. टोपी कुठंय?"

"ती तुझ्या पेट्रोलच्या कामी आली," मामंजी म्हणाले. "आमच्या सूनबाईंना तुला काही सांगायचं आहे."

मी पदर सावरला आणि सांगितलं. हंडी, बाटली, डबे, दोनदा विसळणं, सगळं.  दुकानात दोघंतिघं गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती. शेवटी म्हटलं, "तुमचं पेट्रोल चांगलं होतं. चूक माझी होती."

दुकानदारानं पिंपावर हात ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, खरं सांगू? ते बोलून गेले त्या दिवसापासून मी रोज सकाळी पिंपाच्या तळाला काठी घालून बघतोय. म्हटलं, बोटीवरून येताना कुठं काही शिरलं की काय. माझाच माझ्यावरचा विश्वास गेला होता."

ते ऐकलं आणि हे पुढे झाले. इतका वेळ माझ्या मागे उभे होते. "मी चारचौघांत बोललो," हे म्हणाले. "चारचौघांतच सांगतो. माझं चुकलं." मग त्यांनी पंपाचा दांडा धरला आणि उगाचच पुसला.

दुकानदार हसला. "राहू द्या. तुम्ही काही पुसायला नको." आणि आत हाक मारून त्यानं आमच्यासाठी कोकमाचं सरबत मागवलं. त्याची बायको ते घेऊन आली, मला आत घेऊन गेली आणि दाराआडून म्हणाली, "बोललात कशा हो तुम्ही? मला तर गिऱ्हाइकासमोर तोंडसुद्धा उघडता येत नाही." मी म्हटलं, "मलाही येत नव्हतं. आजच उघडलं."

त्या दिवसापासून तो दुकानदार प्रत्येकाचा डबा आधी उलटा करून बघायला लागला. गावात खोकणाऱ्या आणखी दोन मोटारी निघाल्या. त्यातली एक एका वकिलांची. त्यांच्या घरी डबे कोण विसळत होतं ते काही कळलं नाही, पण ती मोटारही बरी झाली.

घरी आत्याबाईंना मामंजींनी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि खिरीसाठी गव्हले वळत होत्या. गोष्ट संपली तशी त्यांनी मामंजींना विचारलं, "मग नारळानं काहीच झालं नाही म्हणतोस?"

"काही नाही," मामंजी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं मला जवळ बोलावून गव्हल्यांचं ताट माझ्या पुढ्यात सरकवलं. "वळ माझ्याबरोबर. आणि हे बघ गो, मी शेजारणीकडे काही बोलले होते. ते तू ऐकलं नसशीलच."

"नाही ऐकलं," मी म्हटलं.

"ऐकलंस," त्या म्हणाल्या. "भांडी आपटत होतीस. उद्या शेजारणीला मी स्वतः जाऊन सांगते, पायगुण चांगला आहे म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या गेल्या, आणि आल्या त्या मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगत सांगत.

पावसाळ्यात रस्ते बंद असत, म्हणून खटारा परसातल्या मांगराच्या छपराखाली उभा असायचा. त्या चार महिन्यांत ह्यांनी मला इंजिनाचा एकेक भाग उघडून दाखवला. मुंबईच्या कारखान्यात आपण वर्षभर मुख्यतः चाकांना हवाच भरत होतो, हेही तेव्हाच सांगितलं. दसऱ्याला गाडी बाहेर काढली तर ती सुरूच होईना. हे इंजिनाशी न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "चल, बघू या."

मी हात पुसून गेले. वाकून बघितलं, वास घेतला, तोटी सोडून बाटलीत धरून बघितलं. पाणी नव्हतं.

"मला काही कळत नाही," मी म्हटलं.

"मलाही," हे म्हणाले. मग आम्ही दोघं दोन बाजूंनी गाडीखाली शिरलो, आणि आत्याबाई दारापुढच्या खळ्यातून ओरडत राहिल्या की निदान पदर तरी खोच.